ग्राइंडर शेवटी उचला: जुन्या बाइकची घरच्या घरी कॅफे रेसर

माझ्याकडे दोन कॅफे रेसर (हँडल खाली आणि सीट एकट्यापुरती केलेल्या हलक्या बाइक) आहेत असं लोकांना वाटतं. आहे एकच. दुसरी म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेली, माझ्या पहिल्या बाइकची कापलेली चेसिस. बाइक घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचा मागचा भाग मी डोळ्यांच्या अंदाजाने कापला. नवा लूप, म्हणजे चेसिसचं मागचं टोक जोडणारी वळवलेली नळी, वेल्ड केला, तो सुरेख दिसला. बाइक जोडून पहिल्या मोठ्या खड्ड्यात घातली तेव्हा मागचं टायर सीटखालच्या पत्र्याला घासलं आणि जळक्या रबराचा वास आला. लूप वर घ्यायचा तर शॉकअपची जागा बदलावी लागणार होती, आणि ती बदलायची तर सगळी चेसिसच नव्याने मांडावी लागणार होती. तिथे काम थांबलं. दुसऱ्या बाइकवर मी ग्राइंडर, म्हणजे लोखंड कापायचं यंत्र, चौथ्या महिन्यात उचलला. खाली लिहिलंय ते त्या दुसऱ्या बाइकचं: होंडा सीबी ३५०, १९७१ची, ३२५ सीसीचं ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं, इंजिन.

कॅफे रेसरचा आकार कुठून आला हे कळलं की निम्मे निर्णय सोपे होतात. १९५० आणि ६०च्या दशकांत इंग्लंडमधली तरुण मुलं रस्त्याकाठच्या कॅफेंपाशी जमायची. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा एस कॅफे त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. ताशी १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, हा आकडा गाठायची त्यांना ओढ होती, आणि त्याला ती ‘टन’ म्हणायची. नॉर्टनच्या फेदरबेड चेसिसमध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून झालेली ट्रायटन ही त्याच काळातली. हँडल खाली आलं ते छाती टाकीवर झुकून वारा चुकवण्यासाठी. हँडल खाली आलं म्हणून फूटरेस्ट मागे गेले, नाहीतर कंबर मोडते. वजन कमी करायचं म्हणून सीट एकट्यापुरती झाली, आणि तिच्या मागचा उंचवटा वेग घेताना चालवणारा मागे सरकू नये म्हणून आला. प्रत्येक भागाला काम होतं. तुमच्या बाइकवर एखादा भाग लावताना त्याचं काम सांगता येत नसेल, तर तो लावू नका.

कोणती बाइक घ्यायची

इंजिन चालू असलेली बाइक घ्या. बंद इंजिन ‘थोडंच काम आहे’ म्हणून मिळतं, आणि ते थोडं काम वर्ष खातं. सीबीच्या ३५०, ५५० आणि ७५०, यामाहाच्या एसआर आणि एक्सएस ६५०, जुन्या सिंगल सिलिंडर बुलेट, हे सगळे चांगले पर्याय आहेत, कारण त्यांची चेसिस साध्या गोल नळ्यांची आहे आणि सुटे भाग अजून मिळतात. बाइकपासून चार पावलं मागे जाऊन बाजूने बघा. टाकीची खालची कड आणि सीटची खालची कड एका आडव्या रेषेत येऊ शकते का? ती रेष चाकाच्या अॅक्सलपासून अॅक्सलपर्यंतच्या रेषेशी समांतर धरली की बाइक सुडौल दिसते. टाकीचं बूड मागे उतरतं असेल तर कितीही कापलं तरी बाइक मागून बसल्यासारखी वाटते.

चेसिस तपासायला स्टिअरिंगच्या नळीखालचा रंग बघा. तिथे रंगाला बारीक आडव्या भेगा किंवा सुरकुत्या असतील तर बाइक समोरून धडकलेली आहे. मग दोन्ही चाकांना लागून लांब दोरा ताणा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्हीकडे अंतर सारखं आलं पाहिजे. चेसिस नंबर आणि कागद जुळतात का तेही आत्ताच बघा. आणि काय बदललेलं तुमच्या वाहन-नियमांना चालतं हे काम सुरू करण्याआधी वाचून घ्या. आरसे, इंडिकेटर, मडगार्ड, आवाज यांवर जवळजवळ सगळीकडे काही ना काही बंधन असतंच.

मग ती आहे तशीच चालवा. मी तीन आठवडे चालवली आणि वहीत लिहीत गेले: दुसरा गिअर सुटतो, पुढचा ब्रेक अर्ध्या वाटेवर मऊ पडतो, डावा सिलिंडर थंडीत उशिरा पेटतो. हे आधीच माहीत असलं की बाइक पुन्हा जोडल्यावर जो दोष दिसेल तो जुना की आपण नवा केलेला, हे लगेच कळतं.

उघडताना

प्रत्येक नट-बोल्ट काढण्याआधी फोटो, काढल्यावर वायसरसकट झिपच्या पिशवीत, पिशवीवर कुठला ते नाव. वायरच्या प्रत्येक टोकाला मास्किंग टेप आणि नंबर. कंटाळवाणं वाटतं, पण सहा महिन्यांनी ती पिशवी उघडताना स्वतःलाच दुवा द्याल.

जपानी बाइकच्या इंजिन कव्हरचे चौफुली स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने काढू नका. त्यांची खाच जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. फिलिप्सचं टोक त्यात नीट बसत नाही, वर उचलतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. जेआयएस बिट आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. माझ्या क्लच कव्हरचे सगळे स्क्रू पहिल्या ठोक्यात सुटले. आधीच्या बाइकचे चार ड्रिल करावे लागले होते.

इंजिन उघडायची गरज नसेल तर उघडू नका, पण नेहमीची देखभाल पूर्ण करा. सीबी ३५०चा टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) इंजिन थंड असताना इनटेकला ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.१० मिमी. पॉइंटचा, म्हणजे प्लगची ठिणगी ठरवणाऱ्या स्विचचा, गॅप ०.३ ते ०.४ मिमीमध्ये. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या टोकाला फिरणारी एक वाटी आहे, ती तेलातला गाळ भिंतीला फेकते. माझ्या वाटीत काळ्या मातीसारखा घट्ट थर होता, बोटाने खरवडून निघाला. बाइकचा इतिहास माहीत नसेल तर ही वाटी साफ केल्याशिवाय नवीन तेल घालणं व्यर्थ आहे.

बसायची मापं

इथे वेळ द्या. सगळ्या कामात हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सगळ्यात कमी केला जातो.

माझी उंची पाच फूट दोन इंच. फोटोत बघितलेल्या बाइकचं माप मला लागू पडत नाही, तुम्हालाही बहुधा पडणार नाही. हँडल, सीट आणि फूटरेस्ट हे तीन बिंदू आहेत, आणि ते तुमच्या शरीरावरून ठरतात. मी चेसिस दोन्ही अॅक्सलखाली ठोकळे लावून सरळ उभी केली, सीटच्या जागी लाकडी फळी आणि त्यावर दुमडलेली सतरंजी ठेवली. हँडलच्या जागी जुन्या झाडूचा दांडा फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना, दोरीने बांधला. फूटरेस्टच्या जागी दोन्ही बाजूंना विटांची चवड. मग बसले. अर्धा तास बसले, घड्याळ लावून. पहिल्या दहा मिनिटांत सगळंच छान वाटतं. विसाव्या मिनिटाला मनगटं बोलायला लागतात. दांडा दोन सेंटिमीटर वर घेतला, पुन्हा अर्धा तास. विटा मागे सरकवल्या, पुन्हा. असं चार संध्याकाळी केलं. शेवटी दांडा फोर्कच्या वरच्या क्लॅम्पच्या किंचित वर आला आणि फूटरेस्ट मूळ जागेपासून १६ सेंटिमीटर मागे व ५ सेंटिमीटर वर गेले. गुडघा काटकोनापेक्षा थोडा उघडा राहिला पाहिजे, आणि पोट-पाठीच्या जोरावर पुढे झुकता आलं पाहिजे. हातांवर टेकून झुकावं लागत असेल तर हँडल जास्त खाली आहे.

म्हणून मी वरच्या क्लॅम्पच्या वर बसणारे क्लिप-ऑन (फोर्कच्या प्रत्येक नळीवर वेगळं आवळायचं अर्धं हँडल) घेतले. खाली लावलेले दिसायला जास्त रेसर दिसतात हे खरं, पण ती बाइक माझ्या खांद्यांना चालली नसती. क्लिप-ऑन घेण्याआधी फोर्कची नळी व्हर्नियरने मोजा. सीबी ३५०ची ३३ मिमी आहे. एका मिमीच्या फरकाने क्लॅम्प एकतर बसत नाही किंवा घट्ट होत नाही. पैसा आणि मन दोन्हींची बचत करायची असेल तर मूळ जागेवर बसणारं, खाली वळलेलं क्लबमन हँडल हाही सरळ मार्ग आहे.

हँडल बसवल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. मूठ आणि टाकी यांत अंगठा सापडत असेल तर हँडलचा कोन बदला किंवा स्टिअरिंगच्या स्टॉपला धातूचा तुकडा जोडा. मग सगळ्या केबल लावून, इंजिन न्यूट्रलला सुरू ठेवून, हँडल कडेपर्यंत दोन्हीकडे वळवा. इंजिनची रेस वाढली तर एक्सलेटरची केबल ताणली जातेय. वळणात आपोआप रेस वाढली तर माणूस पडतो. केबलचा मार्ग बदला नाहीतर योग्य लांबीची करून घ्या.

मागे नेलेल्या फूटरेस्टला दोन अडचणी येतात. किक त्यावर आपटते का ते बघा. आपटत असेल तर घडी होणारा फूटरेस्ट लागेल. आणि गिअरचा लिव्हर जोडताना दांड्यामुळे दिशा उलटी होत नाही ना, हे बसवण्याआधी हाताने हलवून तपासा. ब्रेकचा लिव्हर बदलला की लिव्हरचं गुणोत्तर बदलतं. ब्रेक पूर्ण दाबला असताना ड्रमवरची कांडी आणि ओढणारी सळी यांत काटकोन राहावा. त्यापुढे गेली की जोर वाया जातो.

आता ग्राइंडर

माझ्या पहिल्या चेसिसने मला हे शिकवलं. शॉकअप काढा. एका शॉकअपची स्प्रिंग उतरवून तो हाताने पूर्ण दाबा, बंप रबर (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का घेणारं रबर) निम्मं चिरडेल असं धरा, आणि एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी मोजा. तेवढ्याच अंतरावर दोन भोकं पाडलेले दोन लाकडी दांडके बनवा आणि शॉकअपच्या जागी लावा. आता मागचं चाक जिथे आहे तिथेच ते सगळ्यात वाईट खड्ड्यात येणार. टायर बसवून, हवा भरून, त्याच्यावर आणखी २५ मिमी मोकळी जागा सोडा, आणि तिथून वर लूप ठरवा. मी पुठ्ठ्याचा लूप कापून तिथे धरला, हळूच चाक फिरवलं, खडूने खूण केली. पहिल्या बाइकवर या कामाला एक दुपार लागली असती.

लूपसाठी मूळ नळीच्याच बाहेरच्या व्यासाची, २ मिमी किंवा जास्त जाडीची पोलादी नळी घ्या. जोडावर आतून एक भरीव तुकडा बसवा, दोन्ही बाजूंना साधारण ४० मिमी आत जाईल असा. बाहेरच्या नळीला ८ मिमीचं भोक पाडून तिथूनही त्या तुकड्याला वेल्ड करा, मग कड भरा. शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या पुढे कापू नका. त्या बोल्टवर अख्खं मागचं वजन येतं. स्टिअरिंगच्या नळीजवळ घरी वेल्डिंग अजिबात नको.

माझं वेल्डिंग बरं आहे, पण चेसिसचं वेल्डिंग मी शेजारच्या काकांकडून करून घेतलं. आयुष्यभर त्यांनी तेच काम केलंय. मी नळी घेऊन गेले तेव्हा त्यांनी ती हातात धरली, अंगठ्याने रंग खरवडला आणि परत दिली. ‘‘बाळा, आधी लोखंड दाखव. रंगावर नि गंजावर जोड धरत नाही.’’ मी घरी जाऊन जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंद चकचकीत होईपर्यंत घासलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार ठिकाणी टाके मारले, मला लेव्हल लावायला सांगितलं, दोरा ताणायला सांगितलं, आणि मगच जोड भरला. एका बाजूला पूर्ण भरून मग दुसरीकडे गेलो असतो तर उष्णतेने लूप त्या बाजूला ओढला गेला असता. वेल्डिंगआधी बॅटरी आणि रेग्युलेटर काढून ठेवा, टाकी दुसऱ्या खोलीत न्या. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते.

सीट आणि टाकी

सीटचं बूड मी फायबरचं केलं. चेसिसवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावून त्यावर मेणाचा हात, मग रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरच्या मॅटचे तीन थर. मागच्या उंचवट्याचा साचा थर्माकोलचा करणार असाल तर लक्षात ठेवा, पॉलिस्टर रेझिन थर्माकोल खातं. डोळ्यांदेखत तो विरघळतो. एपॉक्सी वापरा किंवा साचा आधी चिकटपट्टीने पूर्ण झाका. फोम घट्ट, २५ ते ३० मिमी. मऊ फोमवर दहा मिनिटं सुख आणि मग हाडं बुडाला लागतात.

टाकीतल्या गंजाला सायट्रिक अॅसिडचं कोमट पाणी एक-दोन दिवस ठेवा, आत मूठभर नट टाकून हलवा. धुऊन लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्लता मारा, पुन्हा धुवा, हेअर ड्रायरने वाळवा आणि त्याच तासाला आत तेलाचा हात फिरवा. ओली टाकी रात्रभर राहिली तर सकाळी पुन्हा लालसर दिसते. रंगाला पेट्रोल सोसणारा टू-के (हार्डनर मिसळायचा) क्लिअर कोट लागतो, आणि त्याच्या वाफेत आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही. ते काम योग्य मास्क आणि हवेशीर जागा नसेल तर बाहेर द्या. रंग मात्र सगळं जोडून, चालवून, पुन्हा खोलून झाल्यावरच द्या. आधी रंग म्हणजे आधी कळस मग पाया.

कार्ब्युरेटरची गोष्ट

एअर फिल्टरचे डबे काढून कार्ब्युरेटरच्या तोंडाला छोटे शंकूसारखे फिल्टर लावायचे, म्हणजे चेसिसचा मधला त्रिकोण मोकळा दिसतो. हे दृश्य मलाही आवडतं. पण सीबी ३५०चे कार्ब्युरेटर सीव्ही प्रकारचे आहेत. त्यांची स्लाइड केबलने उचलली जात नाही, इंजिनच्या ओढीने उचलते. त्यांना शांत, एकसारखी हवा लागते. वर शंकूच्या रबराची आतली कड कार्ब्युरेटरच्या तोंडातली हवेची बारीक भोकं झाकून टाकते. मग मधल्या रेसला इंजिन अडखळतं आणि माणूस महिनाभर जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) बदलत बसतो. मी दोन महिने बसले. मग मूळ डबे परत लावले, आणि बाइक त्याच संध्याकाळी सुरळीत चालली. माझा त्रिकोण भरलेला आहे.

तुमच्या बाइकवर साधा स्लाइड कार्ब्युरेटर असेल तर शंकू फिल्टर चालतो, पण हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून मेन जेट मोठा लागतो. एका वेळी एकच पायरी बदला. सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. प्लग बघून ठरवा: पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापणार, काजळी म्हणजे जास्त, फिकट तपकिरी बरोबर. जेट बदलण्याआधी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधलं रबर तपासा. जुन्या रबराला भेग असेल तर तिथून हवा आत घुसते आणि दोष जेटचा वाटतो.

वायरिंग, ब्रेक, पुढचं टोक

वायरिंग कागदावर काढल्याशिवाय एकही वायर कापू नका. मूळ सीबीला एकच १५ अँपिअरचा फ्यूज आहे. मी दिवा, इग्निशन, इंडिकेटर-हॉर्न आणि चार्जिंग असे चार केले. सीटखाली मावावी म्हणून छोटी लिथियम बॅटरी घेतली तर जुना वेगळा रेक्टिफायर आणि रेग्युलेटर काढून तिला चालणारा एकत्रित नवा लावा, कारण जास्त व्होल्टेज तिला मारक असतं. एलईडी इंडिकेटर लावले की फ्लॅशर रिलेही बदला, नाहीतर ते भरभर लुकलुकतात. आणि एक गोष्ट मी पूर्ण दिवस शोधत होते: चेसिसला पावडर कोटिंग केल्यावर अर्थिंग तुटतं, कारण कोटिंगमधून वीज जात नाही. प्रत्येक अर्थच्या बोल्टखाली कोटिंग घासून लोखंड उघडं करा.

पुढचा फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवून बाइक पुढून खाली घेता येते, पण १० मिमीपासून सुरुवात करा. पुढून जितकी खाली, तितकं स्टिअरिंग चटकन वळतं आणि वेगात थरथरायची शक्यता वाढते. पुढचं मडगार्ड काढायचं असेल तर त्याची पट्टी दोन्ही फोर्कांना एकत्र बांधते का ते बघा. तसं असेल तर तिच्या जागी फोर्क ब्रेस, म्हणजे दोन्ही फोर्क जोडणारी मजबूत पट्टी, लावा. टायर, ब्रेक शू, केबल आणि चाकाचे बेअरिंग नवीन घाला. इथे जुनं वापरून वाचवण्यासारखं काही नाही.

पहिला फेरा

प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट टॉर्क पान्याने घट्ट करा आणि त्यावर पांढऱ्या मार्करने बोल्टपासून चेसिसपर्यंत एक रेष ओढा. रेष तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. मी पहिल्यांदा फक्त २ किलोमीटर गेले, परत येऊन सगळ्या रेषा बघितल्या. डाव्या फूटरेस्टची रेष सरकली होती. तिथे थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सुटू न देणारा चिकट द्रव, लावलं. मग १०, मग ५०. चेनचा ढिलेपणा माणूस बसलेला असताना मोजा. बसण्याची उंची बदलली की तोही बदलतो. १०० किलोमीटरला स्पोक एकेक करून चमच्याने वाजवा. बाकीचे टणक वाजत असताना एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे.

५०० किलोमीटर झाल्यावर मी बाइक पुन्हा पूर्ण खोलली, चेसिस कोटिंगला आणि टाकी रंगाला दिली. जोडताना क्लिप-ऑन आणखी ५ मिमी वर घेतले आणि फोर्कच्या नळीवर सुईने बारीक खूण केली, पुढच्या वेळी पुन्हा मोजायला लागू नये म्हणून.